ड्रेस वॉच की डाइव्ह वॉच? गावाकडच्या मनगटासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात, घड्याळाच्या काउंटरवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. घड्याळाबद्दलचे बहुतेक सल्ले एसीत बसून काम करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपल्याकडे त्याच घड्याळानं मे महिन्यातलं ऊन, वावरातली धूळ, फवाऱ्याचं औषध आणि मामाच्या पोरीचं लग्न हे सगळं सोसायचं असतं. त्यामुळे उत्तरंही थोडी वेगळी पडतात.

ड्रेस वॉच म्हणजे कोणतं आणि डाइव्ह वॉच म्हणजे कोणतं?

ड्रेस वॉच म्हणजे बारीक, साधं, नेटकं घड्याळ. जाडी शक्यतो १० मिलिमीटरच्या आत, दोन किंवा तीन काटे, फार तर तारीख, आणि बहुतेक वेळा चामड्याचा पट्टा. शर्टाच्या बाहीखाली ते अलगद सरकलं पाहिजे. १९१७ साली आराखडा तयार झालेलं कार्टियेचं ‘टँक’ आणि १९३२ सालचं पाटेक फिलिपचं ‘कालात्राव्हा’ ही याची जगप्रसिद्ध रूपं. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर टायटनचं ‘एज’ पाहा. २००२ साली ते आलं तेव्हा अख्ख्या घड्याळाची जाडी होती ३.५ मिलिमीटर आणि आतलं मशीन अवघं १.१५ मिलिमीटरचं. भारतीय कारागिरांनी केलेलं हे काम अभिमानानं सांगावं असं आहे.

डाइव्ह वॉच पाण्याखाली काम करणाऱ्यांसाठी जन्मलं. ब्लांपँचं ‘फिफ्टी फॅदम्स’ १९५३ सालचं, फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांच्या, गरजेतून आलेलं. रोलेक्सचं ‘सबमरिनर’ही त्याच काळातलं. पाठीवरच्या टाकीतली हवा किती मिनिटं वापरून झाली हे पाणबुड्याला गढूळ, अंधाऱ्या पाण्यात एका नजरेत कळायला हवं. या एका गरजेतून बाकी सगळं आलं: डायलभोवतीचं फिरणारं कडं, ठळक आणि अंधारात चमकणारे काटे, स्क्रूसारखी आवळून बसणारी चावी, जाड केस (म्हणजे मशीनभोवतीची बाहेरची डबी).

आमच्याकडे समुद्र नाही. मग डाइव्ह वॉच घेऊन करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण डाइव्ह वॉचची खरी किंमत त्याच्या बंदिस्तपणात आहे, आणि घड्याळाच्या आत शिरू पाहणारं पाणी काही समुद्राचंच असावं लागत नाही.

आपल्याकडे घड्याळाचा पहिला वैरी म्हणजे घाम. चंद्रपूर, वर्धा, अकोला, नागपूर या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत कामावरच्या माणसाचं मनगट सकाळपासून ओलंच असतं. घामात मीठ असतं. ते चावीच्या फटीत आणि मागच्या झाकणाच्या खाचेत साचतं, वरचं सोनेरी पाणी उडवतं, खालचं पितळ हिरवं करतं. दुसरी वैरीण धूळ. तुरीची मळणी, जिनिंगमधला कापसाचा तूस, उन्हाळ्यातल्या वावटळी. चावीची फट जरा सैल असली की ही धूळ मशीनपर्यंत पोहोचते. तिसरं म्हणजे चिखल आणि पाणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत हात दिवसभर बांधीतल्या पाण्यात असतो. मामा (माजी मालगुजारी) तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवर बांधवांची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको.

घाम, धूळ, चिखल या तिन्हींपुढे बारीक ड्रेस वॉच टिकत नाही. त्यात त्याचा दोष नाही, ते त्यासाठी केलेलंच नसतं. रबरी वॉशर, आवळून बसणारी चावी आणि स्टीलची केस असलेलं डाइव्ह वॉच मात्र इथे वर्षानुवर्षं चालतं. काम झाल्यावर हौदावर हात धुताना तेही धुऊन घ्यावं. तेवढीच त्याची निगा.

घडीवर ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ लिहिलं आहे. म्हणजे ३० मीटर खोल विहिरीत चालेल ना?

चालणार नाही. या एका आकड्यानं जितकी घड्याळं मेली तितकी दुसऱ्या कशानं मेली नसतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो आकडा कारखान्यातल्या चाचणीचा दाब सांगतो. १० मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक ॲटमॉस्फिअर, म्हणून ३० मीटरऐवजी कधी ‘३ एटीएम’ असंही लिहितात. ही चाचणी नव्या कोऱ्या घड्याळावर, स्थिर पाण्यात, थोडाच वेळ होते. तुमच्या हातात आल्यावर वॉशर म्हातारा होतो, चावी सैल पडते, ऊन लागतं, साबण लागतो. म्हणून व्यवहारात असं धरा: ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाची सर. ५० मीटर म्हणजे चुकून बुडालं तरी वाचेल. १०० मीटर असेल तर नदीत, विहिरीत पोहा. २०० मीटर असेल तर पाण्याची काळजी सोडा, फक्त चावी आवळलेली आहे ना ते बघा.

खऱ्या डाइव्ह वॉचसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात किमान १०० मीटर हवेत, प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला तपासावं लागतं आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. हे मानक पाळणाऱ्या घड्याळावर ‘डायव्हर्स’ हा शब्द आणि पुढे मीटरचा आकडा छापलेला असतो. नुसतं ‘वॉटर रेझिस्ट २०० मी’ लिहिलेलं कॅसिओचं ‘ड्युरो’ या मानकाच्या शिक्क्याचं नाही. तरीही त्याची चावी स्क्रूची आहे आणि आपल्या कामाला ते भरपूर झालं.

खरा धोका तिसऱ्याच प्रकारात आहे. दिसायला डाइव्ह वॉच, वर रंगीत कडं, मोठाले काटे, आणि मागे बारीक अक्षरात ‘३० मीटर’. बाजारात आणि ऑनलाइन अशी घड्याळं ढिगानं आहेत. काहींचं तर कडं फिरतसुद्धा नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे घेण्यापेक्षा त्याच पैशात साधं, प्रामाणिक ड्रेस वॉच घ्या. ते निदान पाण्याचं खोटं वचन देत नाही.

ते फिरणारं कडं वावरात काय कामाचं?

फार कामाचं. कड्यावरचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणून ठेवायचा. त्यानंतर मिनिट काटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर दिसेल तितकी मिनिटं झाली. डोक्यात बेरीज-वजाबाकी नाही, मोबाइल खिशातून काढणं नाही.

ओलिताचं काम करणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं. शेतीची थ्री-फेज लाईन पाळीपाळीनं येते आणि बऱ्याचदा रात्रीच येते. हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी चालू आहे, एका सरीला अमुक मिनिटं द्यायची, मग दांड फोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचं. हात चिखलानं भरलेले, बॅटरी बगलेत. अशा वेळी मनगटावरचा त्रिकोण बघितला की झालं. मोटार दोन-तीन तास चालवायची असेल तर त्रिकोण मिनिट काट्याऐवजी तास काट्यासमोर ठेवा. मग कड्यावरची दर पाच मिनिटांची खूण म्हणजे एक तास.

चांगल्या डाइव्ह वॉचचं कडं एकाच बाजूला, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरतं. धक्का लागून ते सरकलंच तर झालेला वेळ असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. पाणबुड्या त्यामुळे हवा शिल्लक असतानाच वर येतो. तुमच्या बाबतीत फार तर पाणी थोडं लवकर वळवलं जाईल.

रात्री चमकणाऱ्या काट्यांत रेडियम असतं म्हणतात. त्यानं आजार होतो का?

आजच्या नव्या घड्याळात रेडियम नसतं. जुन्या काळी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, खरंच रेडियमचा रंग वापरत आणि तो किरणोत्सारी होता. आता स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटसारखे पदार्थ वापरतात. ते दिवसाचा उजेड साठवतात आणि अंधारात सोडतात, किरणोत्सर्ग नाही. जपानच्या नेमोतो कंपनीनं १९९३ साली हा प्रकार आणला आणि नंतर तो सगळीकडे पसरला. फक्त एक ध्यानात ठेवा: घड्याळ दिवसभर बाहीखाली किंवा पेटीत असेल तर रात्री ते चमकणार नाही. त्याला आधी उजेड लागतो. आजोबांच्या पेटीत एखादं फार जुनं परदेशी चमकणारं घड्याळ निघालं, तर मात्र त्याची काच उघडून काटे खरवडू नका.

जावयाला लग्नात द्यायला कोणतं घ्यावं?

ड्रेस वॉच. यात मला शंका नाही.

आहेरातलं घड्याळ माणूस पुढची वीस-तीस वर्षं लग्नकार्यात, साखरपुड्याला, पोरांच्या शाळेच्या कार्यक्रमाला घालणार असतो. बारीक, पांढऱ्या किंवा दुधी डायलचं, साध्या काट्यांचं घड्याळ जुनं दिसत नाही. फोटोत, शेरवानीच्या किंवा कोटाच्या बाहीखाली ते शोभतं. १३-१४ मिलिमीटर जाडीचं डाइव्ह वॉच बाहीत अडकतं आणि हळद-अक्षतांच्या गर्दीत कशाला तरी घासत राहतं.

घेताना तीन गोष्टी बघा. केस स्टीलची असावी, पितळेवर पाणी चढवलेली नको. मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील’ आणि ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे दोन वेगवेगळे मजकूर असतात. दुसऱ्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं, वरची केस वेगळ्या धातूची. दुसरं, जावयाच्या मनगटाचा अंदाज आधी घ्या, उगाच मोठं घेऊ नका. तिसरं, बिल आणि वॉरंटी कार्ड डबीतच ठेवून द्या. वऱ्हाडाच्या गडबडीत ते हमखास हरवतं, आणि सेल संपल्यावर सोयरे एकमेकांना विचारत बसतात.

आपल्याकडची लग्नं एप्रिल-मे महिन्यांत. चामड्याचा पट्टा एका वरातीत घामानं भिजून जातो. सोबत बारीक स्टीलची चेन घेऊन ठेवली, किंवा पहिल्यापासून चेनचंच ड्रेस वॉच घेतलं, तर उत्तम.

आणि डाइव्ह वॉच घालून लग्नाला गेलं तर?

खुशाल जा. नवरदेव सोडून बाकी कोणाला काही नियम नाही. काळ्या डायलचं, स्टीलच्या चेनचं डाइव्ह वॉच पांढऱ्या शर्टावर छानच दिसतं. नारंगी रबरी पट्टा तेवढा घरी ठेवा.

चामड्याचा पट्टा एका उन्हाळ्यात सडतो. उपाय?

सडणारच. चामडं घाम पितं, मीठ आत राहतं, वास येतो, शिवण सुटते. रोज रात्री घड्याळ काढून पंख्याखाली उघडं ठेवा, डबीत बंद करू नका. मार्च ते ऑक्टोबर नायलॉनचा किंवा रबराचा पट्टा आणि हिवाळ्यात चामड्याचा, ही सोय मला सगळ्यात पटते. पट्टा दोन पिनांवर असतो. पट्ट्याची रुंदी, म्हणजे १८, २० किंवा २२ मिलिमीटर, मोजून घेतली की कुठूनही मागवता येतो. नायलॉनचा पट्टा साबणानं धुऊन तारेवर वाळत घालायचा.

फवारणी करताना घड्याळ घालावं का?

चामड्याच्या किंवा कापडी पट्ट्याचं अजिबात नाही. हे मी घड्याळाच्या काळजीपोटी सांगत नाही. औषध पट्ट्यात मुरतं आणि तासन्‌तास कातडीला चिकटून राहतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढलेली असते, औषध बाहीतून आत येतं. मनगटावर घालायचे ते हातमोजे, आणि घड्याळ धुऱ्यावरच्या पिशवीत. वेळ बघणं अगदी गरजेचंच असेल तर रबरी पट्ट्याचं किंवा स्टीलच्या चेनचं घालून काम संपताच साबणानं धुवा. औषधातली द्रावणं रबराला आणि प्लास्टिकच्या काचेलाही चांगली नाहीत.

काच कोणती असावी?

तीन प्रकार आहेत. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकची काच. लवकर ओरखडते, पण फुटत नाही आणि घासून पुन्हा चमकवता येते. जुन्या एचएमटीला हीच. मिनरल म्हणजे कडक केलेली काच, आज बहुतेक घड्याळांत हीच असते. तिसरी नीलमणी काच, म्हणजे सफायर. काठिण्याच्या मोहस मापावर ती ९ वर, धुळीतले वाळूचे कण ७ वर आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे आपली धूळ मिनरल काचेला ओरखडू शकते, सफायरला नाही. परवडत असेल तर सफायर घ्या. पण ती जोरात आपटली तर तडकते, आणि बदलायला महाग पडते.

बायांसाठी यातलं काय योग्य? सगळी डाइव्ह वॉच फार मोठी असतात.

मोठी असतात हे खरं, ४२-४४ मिलिमीटरची बहुतेक. पण ३६-३८ मिलिमीटरची, १०० मीटरची स्टील घड्याळंही मिळतात आणि रोवणीला, भाजीच्या वाफ्यात, अंगणवाडीत किंवा आशाताईंच्या फिरतीवर तीच कामाची. कड्याशिवायचं घेतलं तरी चालेल, १०० मीटर महत्त्वाचं. दागिन्यासारखी नाजूक, साखळीची ड्रेस घड्याळं कामावर घालू नका. त्यांत पाणी पटकन शिरतं.

बांगड्यांचा प्रश्न वेगळा. काचेच्या बांगड्या घड्याळाच्या केसवर आणि मिनरल काचेवर चरे पाडतात, आणि जड घड्याळानं बांगड्या पिचकतात. घड्याळाच्या हातात बांगड्या ठेवायच्याच असतील तर घड्याळ चपटं आणि पट्टा घट्ट हवा, म्हणजे ते बांगड्यांवर सरकत नाही.

मनगट बारीक आहे. आकार कसा ठरवायचा?

डायलच्या रुंदीपेक्षा वरच्या पट्ट्याच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी बघा. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली की घड्याळ डुलतं आणि कोपऱ्याकोपऱ्याला आपटतं. कागदावर तेवढं चौकोन कापून मनगटावर ठेवून बघा, ऑनलाइन घेण्याआधी तर नक्कीच.

सेलचं, चावीचं की ऑटोमॅटिक?

रोजच्या वापराला सेलचं, म्हणजे क्वार्ट्झ. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे महिन्याला फार तर १५-२० सेकंदांचा फरक. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणाऱ्या) घड्याळात तेवढा फरक एका दिवसात पडू शकतो, आणि काही वर्षांनी ते उघडून तेलपाणी करावं लागतं. ते काम जाणणारा कारागीर आता तालुक्याला सापडतोच असं नाही. ट्रॅक्टर, फवारणी पंप, बंडीचे धक्के यांतही क्वार्ट्झ निर्धास्त. ऑटोमॅटिक घ्या ते आवडीनं, त्याची टिकटिक ऐकायला, त्याच्याशी नातं जोडायला. ते कारणही पुरेसं आहे.

वडिलांची एचएमटी ‘जनता’ घरी आहे. ती ड्रेस वॉच म्हणून चालेल?

त्याहून चांगलं ड्रेस वॉच विकत मिळणार नाही. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूला घड्याळं सुरू केली. नोकरी लागली, लग्न ठरलं, पोरगं मॅट्रिक झालं की एचएमटी, अशी कित्येक वर्षं गेली. घड्याळांची ती कंपनी बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. ‘जनता’ चावीची, १७ ज्वेलची (म्हणजे मशीनमधलं घर्षण कमी करणारे १७ खडे), छोट्या आकाराची, अगदी शोभिवंत. डायलवर ‘पॅरा शॉक’ लिहिलेलं असेल तर ते धक्क्यापासून संरक्षणासाठी, पाण्याशी त्याचा संबंध नाही. पावसाळ्यात ती घालू नका.

तेलपाणी करून घ्या, चावी रोज एकाच वेळी द्या, पट्टा नवा टाका. डायल मात्र रंगवू नका. पिवळा पडलेला मूळ डायल हीच तिची खूण. ऑनलाइन ‘नवीकोरी एचएमटी’ म्हणून जे विकतात त्यात रंग मारलेले डायल आणि चार घड्याळांचे सुटे भाग एकत्र केलेले पुष्कळ सापडतात. घरची असताना त्या वाटेला जाण्याची गरजच नाही.

पोलीस भरतीच्या तयारीला डाइव्ह वॉच घेऊ का?

नको. १६०० मीटर धावण्याची वेळ सेकंदांत मोजावी लागते, कडं फक्त मिनिटं सांगतं. हलकं, स्टॉपवॉचचं साधं डिजिटल घ्या. ‘नीट’ देणाऱ्यांनी तर घड्याळ घरीच ठेवावं, परीक्षागृहात कुठलंच चालत नाही.

बजेट एकाच घड्याळाचं आहे. एकच सांगा.

स्टीलची केस, १०० मीटर, ३८ ते ४० मिलिमीटर, ११ मिलिमीटरच्या आसपास जाडी, साधा काळा किंवा पांढरा डायल, चमकणारे काटे. कडं असलं तर उत्तम, नसलं तरी चालेल. वावरात नायलॉनचा पट्टा, मांडवात चेन. नोकरी बैठी असेल, पाण्याशी संबंध फक्त बेसिनचा असेल, तर खुशाल ड्रेस वॉच घ्या आणि रोज घाला. रोज ओलीत, मासेमारी, विहिरीवरची कामं असतील तर २०० मीटरपेक्षा कमीचं घेऊ नका.

काचेच्या आत वाफ दिसते. ऊन्हात ठेवलं की जाते. चालेल ना?

चालणार नाही. वाफ गेली तरी पाणी आतच आहे, फक्त काचेवरून मशीनवर गेलं. घड्याळाच्या कारखान्यात हीच चाचणी करतात: घड्याळ ४० ते ४५ अंशांवर तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसायचा; आत धुकं दिसलं तर ते घड्याळ नापास. आपल्या मे महिन्यात तापल्या हातानं विहिरीच्या पाण्याला स्पर्श केला की ही चाचणी आपोआप होते. धुकं दिसलं की चावी ओढू नका, तांदळात पुरू नका. त्याच आठवड्यात उघडून वाळवून घ्या, नाहीतर काट्यांखाली गंज धरतो.

नवं असताना पाण्यात चाललं, सेल बदलल्यावर मात्र पाणी शिरलं. असं का?

कारण झाकण उघडलं गेलं. झाकणाखालचा रबरी वॉशर खाचेत नीट बसला नाही, वळला, किंवा इतका कडक झाला होता की पुन्हा दाबला गेलाच नाही. आठवडी बाजारातल्या टपरीवर सेल बदलणं स्वस्त पडतं. ३० मीटरच्या ड्रेस वॉचला ते ठीक आहे, ते तसंही पाण्यात जात नाही. पण १००-२०० मीटरच्या घड्याळासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. सेलबरोबर वॉशर नवा टाकायला सांगा, त्याला सिलिकॉन ग्रीस लावलं का ते विचारा, आणि दाबाची चाचणी करून घ्या. ती केलीच नसेल तर पुढच्या उघडण्यापर्यंत त्या घड्याळाला ३० मीटरचंच समजून वागवा, झाकणावर काहीही लिहिलेलं असो.